गोठलेल्या तळ्यातील बुडबुडे आणि प्रात्यक्षिकाची वही

कॅनडातील अल्बर्टा प्रांतात अब्राहम नावाचे एक सरोवर आहे. सरोवर म्हणायचे ते आपले रीत म्हणून. वास्तविक १९७२ साली नदीवर धरण बांधून झालेला तो जलाशय आहे. हिवाळ्यात तो गोठला की देशोदेशीचे छायाचित्रकार तेथे गर्दी करतात. काचेसारख्या स्वच्छ बर्फात पांढऱ्या चकत्या एकीखाली एक रचलेल्या दिसतात, जणू वाण्याने गल्ल्यातील नाण्यांच्या चळती लावून ठेवल्या आहेत. या चित्रांची कॅलेंडरे निघतात आणि ती भिंतींवर टांगली जातात. पण त्या चकत्या म्हणजे काय, असा प्रश्न कॅलेंडर पाहणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना पडत असेल.

विद्यार्थी मित्रहो, त्या चकत्या म्हणजे तळाच्या चिखलातून वर आलेले आणि बर्फाच्या छताखाली अडकलेले वायूचे बुडबुडे आहेत. त्यांतील मुख्य वायू मिथेन. हा वायू आपल्याला परका नाही. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी किंवा आजोळी गोबर गॅसची टाकी असेल. हवा न लागता शेण कुजले की जो वायू निघतो त्यात निम्म्याहून अधिक मिथेन असतो आणि त्यावर चहा होतो. तळ्याच्या तळाशीही हीच क्रिया चालते. पाने, शेवाळ, मेलेले कीटक तळाशी साचतात. तेथे प्राणवायू पोचत नाही, आणि प्राणवायूवाचून जगणारे सूक्ष्मजीव त्या कचऱ्याचा मिथेन करतात. १७७६ साली इटलीतील माज्जोरे सरोवराच्या काठी अलेस्सांद्रो व्होल्टा याने चिखल ढवळून वर येणारा हा वायू बाटलीत गोळा केला आणि तो पेटतो हे पाहिले. विद्युत घट तयार करणारा तोच हा व्होल्टा. पण घटाचा शोध त्यानंतर चोवीस वर्षांनी लागला. त्याआधी हा मनुष्य चिखलात काठी घालून बसला होता, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही.

मग या जुन्या माहितीत नवीन ते काय? नवीन आहे ती मोजणी. आणि मला आज मुख्यतः मोजणीविषयीच चार शब्द सांगायचे आहेत, कारण आपल्या शाळा-महाविद्यालयांतून ज्या गोष्टीची सर्वांत जास्त हेळसांड होते ती हीच.

आधी थोडे भौतिकशास्त्र पाहू. पाण्याची घनता ४ अंश सेल्सियसला सर्वांत जास्त असते, हे तुम्ही शिकला आहात. त्यामुळे हिवाळ्यात तळे वरून गोठते आणि तळाशी ४ अंशांच्या आसपासचे पाणी शिल्लक राहते. एकदा वर बर्फाचा थर आला की खालच्या पाण्याला गोठण्यासाठी आपली उष्णता त्या थरातून बाहेर टाकावी लागते. आणि थर जसजसा जाड होतो तसतशी ही वाट कठीण होत जाते. याचे गणित योसेफ स्टेफान या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडले. बर्फाची जाडी काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. हिशेब तुम्हीही करू शकाल. बर्फाचा वरचा पृष्ठभाग सतत शून्याखाली २० अंशांवर आहे असे धरा. उष्णतावाहकता २.२, घनता ९१७ आणि अप्रकट उष्मा ३.३४ लाख (सर्व एस. आय. एककांत) घातला, तर पहिल्या दिवसात सुमारे १६ सेंटिमीटर बर्फ होतो. दुप्पट जाडी व्हायला मात्र चार दिवस लागतात, तिप्पट व्हायला नऊ, आणि शंभर दिवसांनी जाडी १ मीटर ६० सेंटिमीटरच्या घरात जाते. प्रत्यक्षात वर भुसभुशीत हिम साचून गोधडीसारखे काम करते, त्यामुळे वाढ याहून मंद असते. पण वर्गमुळाचा नियम मनात पक्का असू द्यावा.

आता तळातून एक बुडबुडा वर आला. छताला टेकून तो चपटा झाला, आणि खालून बर्फ वाढत आला तसा त्यात बंद झाला. काही वेळाने त्याच जागी दुसरा आला, तो पहिल्याखाली अडकला. चळत तयार होते ती अशी. बुडबुडे नियमित येत असतील तर वरच्या चकत्या एकमेकींपासून दूर आणि खालच्या जवळजवळ असणार, कारण सुरुवातीला बर्फ भराभर वाढतो आणि पुढे रेंगाळतो. म्हणजे ती चळत ही त्या तळ्याची हिवाळ्याची रोजनिशीच झाली. कोणत्या ठिकाणाहून वायू आला, किती आला, साधारण केव्हा आला, हे सारे बर्फाने लिहून ठेवलेले असते.

ही रोजनिशी वाचण्याचे काम ज्यांनी मनापासून केले त्यांत कॅटी वॉल्टर अँथनी या अमेरिकन संशोधिकेचे नाव प्रथम घ्यावे लागेल. सैबेरियाच्या ईशान्येला कोलिमा नदीवर चेर्स्की नावाचे गाव आहे. तेथे सेर्गेई झिमोव्ह हे रशियन शास्त्रज्ञ संशोधन केंद्र चालवत होते. या भागातील तळी हिवाळ्यातही मिथेन सोडतात आणि तो वायू फार प्राचीन कार्बनापासून बनलेला आहे, असे झिमोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये जाहीर केले होते. पण एकूण किती? येथे घोडे अडले होते.

घोडे का अडले ते नीट समजून घ्या, कारण सगळी मेख येथेच आहे. बुडबुडे गोळा करण्याचे साधन अगदी साधे. पाण्याखाली पालथे नरसाळे टांगायचे आणि त्याच्या नळीवर पाण्याने भरलेली बाटली उलटी बसवायची. वायू वर चढतो, बाटलीतले पाणी खाली ढकलतो. प्रयोगशाळेत प्राणवायू गोळा करताना तुम्ही हेच करता. पण शंभर एकरांच्या तळ्यात अशी दहा-वीस नरसाळी टांगली तर त्यांत काय सापडणार? बुडबुडे तळ्यात सगळीकडे सारखे येत नाहीत. ते ठरावीक छिद्रांतून येतात. एक छिद्र येथे, दुसरे आठ पावलांवर, मग पुढे बराच वेळ काही नाही. तुमचे नरसाळे छिद्राच्या हातभर बाजूला पडले तर आकडा येईल शून्य. शून्य हा आकडा खोटा नव्हे. नरसाळ्याखाली खरोखरच काही आले नाही. मात्र अशा दहा-वीस खऱ्या आकड्यांची सरासरी काढून ती सबंध तळ्याला लावली की उत्तर साफ चुकते.

यावरचा उपाय बर्फाने दिला. शरद ऋतूच्या शेवटी पहिला बर्फ धरतो तेव्हा तो काळसर आणि पारदर्शक असतो आणि त्यावर हिम साचलेले नसते. त्या चार-आठ दिवसांत बर्फावर चालत गेले की प्रत्येक छिद्राच्या डोक्यावर पांढरी खूण दिसते. मग एका रेषेत चालायचे, साचलेले हिम झाडून काढायचे, खुणा मोजायच्या, त्यांच्या आकारावरून जाती पाडायच्या, आणि प्रत्येक जातीच्या काही छिद्रांवर नेमकी नरसाळी लावून वर्षभर नोंदी घ्यायच्या. चेर्स्कीच्या कामात या जातींना रशियन भाषेतील मांजरांची नावे दिली होती. सर्वांत लहान ती ‘कोत्योनोक’ म्हणजे मांजराचे पिल्लू, त्याहून मोठी ती ‘कोश्का’ म्हणजे मांजर. काही छिद्रे इतकी जोरकस असतात की वर चढणारे बुडबुडे तळाचे किंचित ऊबदार पाणी आपल्याबरोबर ओढून आणतात आणि त्या जागी भर हिवाळ्यातही बर्फ धरत नाही, किंवा धरला तर पापडासारखा पातळ. अशा तळ्यावर चालणाऱ्याने पुढचे पाऊल टाकण्यापूर्वी बर्फ ठोकून पाहायचा असतो. शास्त्रज्ञ म्हणजे पांढरा डगला घालून खोलीत बसणारा मनुष्य, ही आपली समजूत या लोकांना लागू पडत नाही.

सप्टेंबर २००६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात वॉल्टर, झिमोव्ह आणि सहकाऱ्यांनी आपले आकडे प्रसिद्ध केले. या तळ्यांतून येणाऱ्या मिथेनपैकी सुमारे ९५ टक्के बुडबुड्यांवाटे येतो. त्या प्रदेशातील तळी पूर्वीच्या अंदाजाच्या पाचपट मिथेन सोडत असावीत. उत्तर सैबेरियातील या विशिष्ट मातीच्या तळ्यांचा मिळून वर्षाचा आकडा सुमारे ३८ लाख टन. १९७४ ते २००० या काळात तळी पसरल्यामुळे त्या भागातील उत्सर्जन ५८ टक्क्यांनी वाढले. आणि सर्वांत जोरकस छिद्रांतील मिथेनचे वय निघाले ३५ ते ४३ हजार वर्षे.

वायूला वय कसले, असे तुम्ही विचाराल. मिथेनच्या रेणूत कार्बन आहे, आणि सजीवाच्या शरीरातील कार्बनात कार्बन-१४ या किरणोत्सर्गी अणूंचा अत्यल्प अंश असतो. सजीव मेला की तो अंश दर ५७३० वर्षांनी निम्मा होत जातो. ४३ हजार वर्षे म्हणजे साडेसात अर्धायुष्ये. मूळ अंशाचा साधारण एकशेऐंशीवा भाग उरतो. एवढा थोडा भाग अचूक मोजणे हे कौशल्याचे काम आहे. पण निष्कर्ष सरळ आहे. ज्या गवतापासून हा वायू झाला ते गवत हिमयुगात उगवले होते. त्या काळी त्यावर मॅमथ चरत होते. गवत मेले, धुळीखाली गाडले गेले आणि गोठून राहिले. जमिनीच्या या कायम गोठलेल्या थराला आपण नित्यगोठित भूमी म्हणू. उत्तर गोलार्धातील अशा भूमीत सुमारे दीड लाख कोटी टन कार्बन साठलेला आहे. आज सगळ्या हवेत जेवढा कार्बन आहे त्याच्या दीडपटीहून हे जास्त होते.

हवा तापली की जमिनीतील बर्फ वितळतो, जमीन खचते, खड्ड्यात पाणी साचते आणि तळे होते. ते दोन मीटरांहून खोल झाले की हिवाळ्यात तळापर्यंत गोठत नाही. मग तळाचे पाणी बारा महिने खालच्या गोठलेल्या मातीला उष्णता देत राहते. तळ्याखाली वितळलेल्या मातीची एक वाटीच तयार होते, तीत हजारो वर्षे शीतपेटीत राहिलेले अन्न सूक्ष्मजीवांपुढे वाढले जाते, आणि मिथेन बाहेर पडतो. मिथेन हवेत जाऊन आणखी उष्णता धरतो. असे हे चक्र आहे. अलास्कातील फेअरबँक्सजवळ तर पन्नास वर्षांपूर्वी ज्या जागी तळे नव्हते तेथे आज बुडबुडे सोडणारे तळे आहे.

बुडबुड्यांत नेमका मिथेनच का, याचेही उत्तर साधे आहे. थंड पाण्यात कार्बन डाय-ऑक्साइड मिथेनच्या सुमारे तीसपट विरघळतो. मिथेन विरघळायला नाखूश. म्हणून तो बुडबुडा करून निसटतो. सावकाश विरघळत वर गेला असता तर पाण्यातील मिथेनभक्षक जिवाणूंनी त्याला वाटेतच गाठले असते. बर्फाखाली अडकून पडलेल्या बुडबुड्यांचे काहीसे तसेच होते. पुरते बंद होण्यापूर्वी त्यांतील बराच वायू परत पाण्यात मुरतो आणि त्यातला काही जिवाणूंच्या पोटात जातो. उरलेला वसंतात बर्फ फुटताना एकदम हवेत मोकळा होतो.

वॉल्टर यांचे पुढचे काम पीएच. डी.नंतरचे आहे, आणि येथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. पीएच. डी. संपल्यावर आणि कायमची नोकरी लागण्यापूर्वी दोन-तीन वर्षे तरुण संशोधकाला अधिछात्रवृत्तीवर काम करता येते. परदेशी याला पोस्ट-डॉक्टरल संशोधन म्हणतात. शिकवण्याचा बोजा कमी, कारकुनी जवळजवळ नाही, हाताला पुरते कसब आलेले आणि अंगात बर्फावर चालण्याची धमक. शास्त्रज्ञाच्या आयुष्यातील ही सोन्यासारखी वर्षे होत. २००७ ते २००९ या आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्षाच्या निमित्ताने मिळालेल्या अशा अधिछात्रवृत्तीवर वॉल्टर यांनी मागचा हिशेब उलटा मांडला. शेवटचे हिमयुग संपताना हवेतील मिथेन वाढल्याचे ध्रुवीय बर्फाच्या गाभ्यांवरून दिसते. उत्तरेकडून आलेल्या त्या वाढीपैकी ३३ ते ८७ टक्के वाटा अशा तळ्यांचा असू शकेल, असे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडले. ३३ आणि ८७ यांच्यात केवढे अंतर आहे पाहा! पण त्यांनी मधला ६० घेऊन तो ठळक छापला नाही. जेवढे अंतर होते तेवढे लिहिले.

आपल्याकडे अशा वर्षांकडे कसे पाहतात? पीएच. डी. झालेल्या मुलाला लग्नकार्यात भेटणारा प्रत्येक नातेवाईक विचारतो, “अजून नोकरी नाही का?” मुलीला तर नोकरीचे सोडून दुसरेच काही विचारतात. मी स्वतः एम. एस्सी. होताच शिकवू लागलो आणि त्यात मला समाधान आहे. परंतु माझ्या एखाद्या विद्यार्थ्याने तिशी उलटेपर्यंत तुटपुंज्या वृत्तीवर कुठल्या तरी तळ्याचे बुडबुडे मोजत बसायचे ठरवले, तर घरच्यांनी त्याला वाया गेलेला समजू नये, एवढे मी त्यांना आवर्जून सांगेन.

आता दुसऱ्या बाजूचे बोलू. या संशोधनाची बातमी झाली आणि ‘मिथेन बाँब’ असा एक शब्द वर्तमानपत्रांत रूढ झाला. उत्तरेकडील तळी आता फुटणार आणि जग जळणार, असा त्याचा सूर. मला हा शब्द मुळीच पसंत नाही. भीती दाखवून विज्ञान शिकवता येत नाही आणि आकडे तसे सांगतही नाहीत. जगात दरवर्षी हवेत जाणारा मिथेन सुमारे ६० कोटी टन भरतो. सैबेरियाच्या त्या तळ्यांचे ३८ लाख टन म्हणजे त्यातला एक टक्काही नव्हे. ५० अंश उत्तर अक्षांशाच्या वरची सगळी तळी आणि डबकी धरली तरी २०१६ च्या एका अंदाजाप्रमाणे १ कोटी ६५ लाख टन, म्हणजे तीन टक्क्यांच्या आत. उलट एकूण मिथेनपैकी निम्म्याहून अधिक माणसाच्या उद्योगांतून येतो. गुरे, भातखाचरे, कोळशाच्या खाणी, वायूच्या गळक्या नळ्या, शहरांचे उकिरडे हे त्याचे उगम. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या शंभर कोटी रेणूंत मिथेनचे सुमारे ७३० रेणू होते. आज १९०० हून जास्त आहेत. ही वाढ मुख्यतः आपली आहे, सैबेरियातील मॅमथांच्या कुरणाची नव्हे.

म्हणून तळी क्षुल्लक ठरत नाहीत. मिथेन हवेत साधारण दहा-बारा वर्षे टिकतो, पण वजनास वजन धरले तर शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डाय-ऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरतो आणि वीस वर्षांच्या हिशेबात सुमारे ८० पट. शिवाय गुरांचे खाणे बदलता येते, गळकी नळी बंद करता येते. वितळू लागलेल्या तळ्याला बूच मारता येत नाही. भीतीचा सूर नको, तसाच ‘तीनच टक्के तर आहेत’ हा बेफिकिरीचा सूरही नको.

मतभेदही आहेत. अलास्काच्या निरनिराळ्या तळ्यांतून आजमितीस बाहेर पडणारा बहुतेक कार्बन प्राचीन नसून अलीकडच्या वनस्पतींचाच आहे, असे २०१८ च्या एका संशोधनात दिसून आले. वॉल्टर अँथनी यांनीच २०१४ मध्ये दाखवले की अशी कित्येक तळी म्हातारी झाल्यावर त्यांत शेवाळ आणि पाणवनस्पती इतक्या माजतात की गेल्या सुमारे पाच हजार वर्षांत ती सोडतात त्यापेक्षा जास्त कार्बन साठवू लागली आहेत. तळे तरुणपणी उधळ्या आणि उतारवयात काटकसरी, असा प्रकार. एकच आकडा पाठ करून जगाचे भवितव्य सांगणाऱ्याला अशी तळी फार गैरसोयीची असतात.

पण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते २०२० सालचे काम. गोठलेल्या तळ्याखाली बुडबुडे असले की बर्फाचा तळ खडबडीत होतो, आणि उपग्रहावरून सोडलेल्या रडारच्या लहरी तेथून जास्त परततात. या युक्तीने अलास्कातील ५१४३ तळ्यांचा नकाशा करण्यात आला. एकेका तळ्याच्या मोजणीवरून सबंध प्रदेशाचा जो आकडा आधी काढला जाई, त्यापेक्षा नवा आकडा कमी आला. विमानातून केलेल्या हवेच्या मोजणीशी तो जुळलाही. आणि हे काम करणाऱ्यांत वॉल्टर अँथनी स्वतः होत्या! ज्यांनी आधी ‘पूर्वीच्या अंदाजाच्या पाचपट’ असे सांगितले, त्यांनीच पुढे ‘प्रदेशाचा आकडा वाटला त्याहून कमी’ असेही छापून टाकले. लहान क्षेत्रावरून मोठ्या क्षेत्राचा अंदाज बांधताना हिशेब कोठे सैल होता ते त्यातून उमगले. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेल्या निसार या भारत-अमेरिकेच्या उपग्रहावर अशाच सुमारे २४ सेंटिमीटर लांबीच्या लहरींचे रडार आहे. त्याच्या नोंदींचा याही कामी उपयोग होऊ शकेल.

आता आपल्या प्रात्यक्षिकाच्या वहीकडे या. साध्या लंबकाने गुरुत्वत्वरण काढण्याचा प्रयोग सर्वांना असतो. दरवर्षी वह्यांचा गठ्ठा माझ्यापुढे येतो, आणि वही उघडण्याआधीच उत्तर मला ठाऊक असते. ९८० नाही तर ९८१. चाळीस मुलांचे चाळीस वेळा! वास्तविक दोरीची लांबी मोजताना, घड्याळाची कळ दाबताना होणाऱ्या फरकामुळे कोणाचे ९६५ यावे, कोणाचे ९९२ यावे. त्यातली गंमत अशी की महाराष्ट्राच्या अक्षांशावर गुरुत्वत्वरण ९७८.५ च्या आसपास आहे. म्हणजे खरे निरीक्षण पुसून मुले जे ‘बरोबर’ उत्तर बसवतात, ते आपल्या गावचे नाहीच. ते पुस्तकाच्या गावचे आहे.

दोष मुलांच्या माथी मारण्यात अर्थ नाही. गुण उत्तराला मिळतात, निरीक्षणाला मिळत नाहीत. ज्याने प्रामाणिकपणे ९६५ लिहिले त्याचे गुण कापले जातात, आणि शेजाऱ्याच्या वहीतून उतरवणारा पहिला येतो. शिक्षकबंधू म्हणतील, तास अपुरे, वर्गात मुले साठ, लंबक सहा. शिवाय बाहेरचा परीक्षक काय म्हणेल? यातली एकही अडचण खोटी नाही. पण चेर्स्कीच्या तळ्यावर नरसाळ्यात आलेला शून्य जर कोणी ‘हे बरे दिसत नाही’ म्हणून पुसून पुस्तकातला आकडा घातला असता, तर वायू छिद्रांछिद्रांतून येतो हे कळायला आणखी किती वर्षे लागली असती? त्या शून्यांमुळेच तर जागा चुकते आहे हे उमगले. वही तपासताना उत्तराचे गुण निम्मे करावेत आणि उरलेले निम्मे ‘माझे उत्तर वेगळे का आले’ याच्या चार ओळींना द्यावेत. यासाठी एक पैसाही खर्च नाही आणि अभ्यासक्रमातले एक अक्षरही बदलावे लागत नाही.

आणि वर्षातून एक तरी प्रयोग असा असावा की ज्याचे उत्तर शिक्षकालाही ठाऊक नाही. आपली तळी गोठत नाहीत; पण गावतळ्यातून, पाझर तलावातून, बंधाऱ्यामागच्या गाळातून बुडबुडे आपल्याकडेही येतात. चार नरसाळी, चार खुणा केलेल्या बाटल्या, दोरी आणि पोकळ भोपळे एवढे साहित्य पुरे. सोबत मोठे माणूस असल्यावाचून कोणी पाण्याजवळ जायचे नाही, आणि गोळा झालेला वायू पेटवण्याचा मोह टाळायचा. व्होल्टाने ते काम करून ठेवले आहे. दर आठवड्याला ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी प्रत्येक बाटलीत किती मिलिलिटर वायू जमला ते पाहायचे. सोबत पाण्याचे तापमान आणि काठावरच्या काठीवरून पाण्याची पातळी. एका इयत्तेने दिवाळीनंतर सुरू करावे आणि उन्हाळ्याच्या सुटीपर्यंत चालवावे. माघात वायू कमी आणि चैत्रात जास्त येतो का? पाणी वीतभर उतरले, म्हणजे गाळावरचा दाब तेवढा कमी झाला, की बुडबुडे वाढतात का? गुरे पाण्यात उतरतात त्या काठाची बाटली आणि पलीकडच्या काठाची बाटली सारखीच भरते का? ही उत्तरे कोणत्याही मार्गदर्शकात छापलेली नाहीत. चारांपैकी तीन बाटल्या बहुधा रिकाम्याच राहतील. तेथे तारीख घालून शून्य लिहावे. नोंदी शाईने कराव्यात, पेन्सिलीने नव्हे.